बहात्तर तासांची पेटी

नौपाड्यातल्या नंदा परब ठाण्याच्या एका रक्तपेढीत तीस वर्षं तंत्रज्ञ होत्या. निवृत्तीनंतर चार महिन्यांतच त्यांना घर खायला उठलं. तेव्हा पेढीतल्या जुन्या डॉक्टरांनी एका संस्थेचं काम सुचवलं. दात्याच्या रक्तातून काढलेल्या, नवं रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी परदेशातल्या रुग्णापर्यंत स्वतः न्यायच्या. दाता कोण, रुग्ण कोण, विचारायचं नाही. बहात्तर तासांच्या आत पोचायचं, आणि पेशींची थंड पेटी एकदाही नजरेआड करायची नाही.

नंदाताई तोवर विमानात बसलेल्या नव्हत्या. नवरा, आनंद, म्हणाले की तिकडे सगळं इंग्रजीत बोलावं लागेल. त्यावर नंदाताईंनी सुनावलं, तीस वर्षं रिपोर्ट काय मराठीत लिहिले का?

पहिलीच खेप लंडनची निघाली. अंतर सुमारे सात हजार दोनशे किलोमीटर, विमानाला साडेनऊ-दहा तास. पेशी संध्याकाळी पाचला काढल्या, विमान दुसऱ्या दिवशी सकाळी आठचं होतं. पेशी बिघडू नयेत म्हणून पेटी एक्स-रेखाली जाऊ द्यायची नव्हती. सुरक्षा अधिकाऱ्याने संस्थेचं पत्र तीनदा वाचलं, वरिष्ठांना फोन केला आणि मग सोडलं. आणि विमानात काही बिघाड निघाला. पाच तास उशीर.

पेशींना अजून पुष्कळ वेळ होता, हिशेब त्यांना पाठ होता. पण तिकडे रुग्णाची स्वतःची अस्थिमज्जा औषधांनी संपवलेली असते, हेही पाठ होतं. या पेशी पोचल्या नाहीत तर तो वाचणार नव्हता. 

विमानतळावर शेजारच्या खुर्चीत ठाण्यातल्याच बाळकुमच्या आवडाबाई होत्या, लंडनला नातीच्या बाळंतपणाला निघालेल्या. त्यांनी विचारलं, "त्यामंदी काय हाय गो बाय? खालीच ठेवीत नाय ती."

नंदाताईंनी थोडक्यात सांगितलं.  आवडाबाईंनी स्वतःच्या डब्यातली भाकरी मोडून त्यांच्या हातात दिली, म्हणाल्या, आधी खा.

विमान उतरलं तेव्हा लंडनमध्ये संध्याकाळचे साडेपाच झाले होते. गाडीने रुग्णालय गाठेपर्यंत पेशी काढून बत्तीस तास झाले. नर्सने पेटी उघडली, तापमान पाहिलं. चार अंश, हवं तेवढंच. कागदावर सही करताना ती हळूच म्हणाली, "तो सकाळपासून तीनदा विचारतोय, विमान उतरलं का म्हणून."

एवढं तिने सांगायला नको होतं. नंदाताई बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.

पाच महिन्यांनी संस्थेचा मेल आला. पेशी रुजल्या होत्या, रुग्ण घरी गेला होता. तो मेल त्यांनी आनंदना दोनदा मोठ्याने वाचायला लावला.

आता सात खेपा झाल्यात. बाकीच्या सहा जणांचं पुढे काय झालं, ते अजून कळलेलं नाही. बुधवारी टोरांटोची खेप आहे. ते फार लांब पडतं, म्हणून या वेळी त्यांनी प्रवासात घालायला मऊ बूट घेतलेत.