लाईनवर पंखा फिरत होता

मागच्या मंगळवारी भर दुपारी मी टरकलो. सुरतच्या अशा उन्हात, की रस्त्यावर कुत्रंसुद्धा उभं नव्हतं...

नवीन लोकांसाठी सांगतो, मी घरांना अलार्म बसवतो. आठवीत शाळा सुटली, मग अमळनेर सुटलं. इथे सुरतला बमरोलीत लूमवर होतो, मग साड्यांना टिकल्या लावल्या, आता हे. एका जागी बूड टिकत नाही माझं.

एका जुन्या बंगल्याची कंप्लेंट होती. तिथे एक म्हाताऱ्या बा एकट्या राहतात. गळ्यात बटण असतं, ते दाबलं की भिंतीवरची पेटी लँडलाईनवरून त्यांच्या मुलाला फोन लावते. मुलगा बडोद्याला.

मध्यंतरी बा दुपारी बाथरूममध्ये पडल्या. बटण दाबलं... फोन गेलाच नाही. संध्याकाळी कामवाली येईपर्यंत तशाच ओल्या फरशीवर पडून होत्या.

मुलाने सांगून टाकलं, यावेळी नीट झालं नाही तर बंगल्याला कुलूप आणि बाला बडोद्याला घेऊन जाणार. बा म्हणे त्या दिवसापासून त्याच्याशी नीट बोलत नव्हत्या.

आमची दोन माणसं आधी जाऊन आली होती. दोघंही सकाळी गेले, बटण दाबलं, फोन लगेच गेला. सिमवाली पेटी लावावी तर त्या गल्लीत रेंज नाही. सेठ मला म्हणाला, "त्या दोघांना भूत सापडलं नाही, तू काय शोधणार? पण जा, इथे नुसता चुळबुळ करतोस."

मीही सकाळीच निघालो होतो. पण पर्वत पाटियाच्या नाक्यावर ट्रॅफिकमध्ये असा अडकलो की पोचेपर्यंत दुपार झाली. आता वाटतं, बरं झालं अडकलो.

बांनी दार उघडलं, पाणी दिलं. हॉलमध्ये त्यांच्या नवऱ्याचा, काकांचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. मी पेटी उघडली, बटण दाबलं... पेटी नुसती टकटक करत राहिली. डायलटोनच नाही.

म्हटलं चला, फॉल्ट सापडला तर खरा. हॉलमधल्या फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावला.

आणि लाईनवर पंखा फिरत होता...

खरंच सांगतो. खर्र... खर्र... जुन्या पंख्याचा आवाज. मी वर बघितलं, तर हॉलचा पंखा नवा, एकदम गुपचूप चालणारा. बा माझ्यासमोर बसून शेंगा सोलत होत्या. घरात तिसरं कोणी नव्हतं. पण आवाज तर कुठल्यातरी खोलीतून येत होता, आणि मध्येच खाट करकरल्यासारखं वाटलं.

मी जरा मोठ्यानेच विचारलं, "बा, वरती कोण आहे?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "धीमे बोल दीकरा... काका सूता छे."

काका झोपलेत. मी फोटोतल्या हाराकडे बघितलं. पाठीतून गार घाम गेला, त्या उन्हात.

तरी जिन्याने वर गेलो. जावं तर लागणारच होतं, वायर वरच गेली होती. खोलीचं दार नुसतं लोटलेलं. आत पडदे ओढलेले, पंखा चालू, पलंगावर स्वच्छ चादर. उशाशी पाण्याचा पेला, वर बशी झाकलेली. आणि दुसऱ्या फोनचा रिसीव्हर काढून उशीवर ठेवलेला... जसं कोणीतरी कान लावून पडलंय.

बा माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. कुजबुजत म्हणाल्या, "बपोरे एमने घंटडी नथी गमती." दुपारी त्यांना घंटी आवडत नाही.

म्हणजे काका होते तेव्हापासूनची ही रीत. जेवण झालं की पंखा लावायचा, पाणी ठेवायचं, रिसीव्हर बाजूला काढायचा, घंटीने झोपमोड नको म्हणून. काका गेले, रीत राहिली. आणि रिसीव्हर काढलेला असेपर्यंत सगळी लाईन अडकून बसायची. म्हणून सकाळी अलार्म चालायचा, दुपारी मुका.

मी रिसीव्हरकडे हात नेला. बांनी माझं मनगट धरलं. घट्ट.

ठेवला नाही मग मी.

खाली आलो. कोणीतरी घाईत पेटी शेवटच्या सॉकेटवर लावली होती, फोनांच्या मागे. मी सगळं सोडवलं आणि बाहेरून येणारी लाईन आधी पेटीला दिली, तिथून पुढे फोनांना. आता बटण दाबलं की पेटी फोनांना तोडून लाईन आपल्याकडे घेणार, वरच्या खोलीत रिसीव्हर काढलेला असो नाहीतर ठेवलेला.

टेस्टला हॉलचा रिसीव्हर कानाला धरला. पंखा ऐकू येत होता. बटण दाबलं... टक... आणि पंखा एकदम गप्प. एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला, खिडकीशी जेमतेम एक काडी रेंज होती. सेठने माझा नंबर दिलेला, मुलगा ओरडत होता, "शुं थयुं बाने?" म्हटलं, "काही नाही भाई, टेस्टिंग. फोन आला ना तुम्हाला? मग झालं." तो हळूच म्हणाला, "तो बा भले त्यां ज रहे." राहू दे तिथेच.

पेटीने लाईन सोडली. रिसीव्हरमध्ये डायलटोन आला, त्याच्या मागे पंखा... आणि पुन्हा ती खाट करकरली. फक्त माझ्या कानात. बा तर लांब बसल्या होत्या.

तरी त्यांनी जिन्याकडे बघितलं, शेंगांची परात बाजूला ठेवली आणि हसल्या. "जागी गया. चा मूकुं." उठले म्हणे, चहा ठेवते.

सेठला सांगितलं, वायरिंगचा फॉल्ट होता, काढला. बाकी काही सांगितलं नाही.

रूमवर येताना मायला फोन लावला. बहीण मागे सांगत होती, घरात माझी खाट रोज अंथरलेली असते, माय कोणाला बसू देत नाही तिच्यावर. तेव्हा मी हसलो होतो. पहिल्या रिंगला उचलला मायने. "कव्हय येस रे भाऊ?"

कधी येतोस, विचारत होती. या शनिवारी जातोय. त्या खाटेवर झोपायला...