न वाचलेली ओळ

ओल्या प्रुफाचा वास आला की मला अजूनही एका जागी बसवत नाही.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. कुंभकोणमच्या एका मोठ्या प्रकाशन कंपनीत मुद्रितशोधकाच्या मुलाखतीला शेवटी दोघेच उरलो होतो, मी आणि जवळच्याच नाचियारकोविल गावचा माझा मित्र व्यंकोबा. जागा एकच होती. मॅनेजर म्हणाले, “एकानं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं प्रूफ तपासायचं. मग उलट.”

आधी व्यंकोबानं वाचलं. स्वल्पविरामसुद्धा उच्चारत, माझी खूण होईपर्यंत थांबत. माझं पान निर्दोष झालं.

मग मी वाचू लागलो. त्याच्या प्रुफात एक ओळ गळलेली मला तिरक्या नजरेनं दिसली. हस्तलिखितातली ती ओळ मी वाचलीच नाही.

नोकरी मला लागली. पायऱ्यांवर येताच व्यंकोबा तमिळ सोडून आम्हा दोघांच्या घरी पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या मराठीवर आला. “वाक्य तुटलं ते मलाच कळायला हवं होतं रे. चल, आता कापी तरी पाज.”

मी कॉफी पाजली.

ती ओळ मला आजही पाठ आहे. मोठ्यानं मात्र कधीच म्हटलेली नाही.