परतीचं वजन

आमचा पिकअपवाला म्हणजे पायाला भिंगरी. मी मागच्या चाकापाशी आडवा होऊन स्प्रिंगचे पाटे सोडवत होतो आणि हा माझ्या डोक्याशी येरझाऱ्या घालत होता.

"दोन पाटे वाढव. फरशीचा माल धरलाय, गाडी मागून बसते."

"वाढवतो. पण मग गाडी कडक होते, रिकामी असली की खड्ड्यात उडेल. परतीला काय असतं?" हे मी प्रत्येकाला विचारतो. नुसतं जातानाचं वजन बघून पाटे भरणारा मिस्त्री मी नव्हे.

"काही नसतं रे बाबा! रिकामीच येते. हात चालव तू."

त्याची बायको केबिनमध्ये कंबरदुखीचा पट्टा बांधून बसली होती. रोज त्याच्याबरोबर जाते, फरश्या उतरवायला हात लावते. तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"रिकामी कशी? परतीला मी असते की."

मी पाना खाली ठेवला. येरझाऱ्या थांबल्या. पिकअपवाल्यानं मान खाजवली, एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पाट्यांकडे.

"बरं, एकच वाढव," तो मोठ्या मनानं म्हणाला. "माल दोन खेपांत नेऊ."

"नेऊ," ती म्हणाली आणि तिनं कमरेचा पट्टा आणखी आवळला.