सावरीचे बोळे

चैत्रात सावरीची बोंडं फुटून तो कापूस दवाखान्याच्या ओट्यावर उडत आला, की मला खोडाळ्याच्या पुढच्या एका पाड्यावरचं घर आठवतं. मी तेव्हा नवीन नर्स होते आणि नवऱ्याची मोटारसायकल घेऊन जव्हारहून एकटी निघाले होते, डोक्याला नुसता स्कार्फ. तासभर घाटातला वारा कानांवर आदळत होता. पोचल्या पोचल्या, शेणाने सारवलेल्या जमिनीवर निजलेल्या पहिलटकरणीच्या पोटाला मी नळी लावली. बाळाचे ठोके ऐकूच येईनात, कानात नुसतं घूं घूं चाललेलं. मी नळीची जागा बदलत राहिले. ती पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती; तिने पदर दातात धरला आणि रडायला लागली. तेव्हा चुलीपाशी बसलेली म्हातारी सुईण उठली, स्वतःचा कान तिच्या पोटाला लावला आणि मला म्हणाली, "पोर बेस हाय. वारा तुझ्या कानात भरलाय, बाय. जरा गप बस, मग आयक." तिच्या नागलीच्या भाकरी भाजून होईपर्यंत मी बसले. मग नळीतून ऐकू आलं, टकटक टकटक, अगदी घाईत असल्यासारखं. निघताना म्हातारीने उशीतला सावरीचा कापूस काढून त्याचे बोळे माझ्या कानांत बसवले. आता चांगलं हेल्मेट आहे, दुकानात फोमचे बोळेही मिळतात. तरी पाड्यावर गाडी लावली की तपासणीआधी मी थोडा वेळ ओट्यावर गप्प बसते. सोबतच्या नव्या नर्सला वाटतं, बाई आता थकल्या.