दुभाषी दुपारी येणार होता

“मॅडम, दुभाषी दुपारी येणार म्हणतात. थांबू, का सही करू?”

हनीफभाईंचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. माझ्या टेबलासमोर सहा ड्रायव्हर रांगेत उभे होते आणि मी त्यांच्या इन्शुरन्स रिन्यूअलच्या फॉर्मवर सह्या घेत होते. फोन मानेत धरून मी पहिल्याला बोटाने जागा दाखवली. इथे, इथे आणि मागच्या पानावर.

मी आखातात, जबल अलीतल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत एचआरला आहे. चौदा वर्षं झाली. एचआर म्हटलं की लोकांना मुलाखती आणि ट्रेनिंग डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात माझं निम्मं काम म्हणजे सह्या गोळा करणं. इथले सरकारी कागद अरबीत असतात, फार तर बाजूला इंग्रजी. आमच्या बहुतेक ड्रायव्हरांना दोन्ही वाचता येत नाही. मी म्हणते, “इथे करा,” ते करतात. “यात लिहिलंय काय?” असं विचारणारे इतक्या वर्षांत चार-पाचच भेटले, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच यायचा.

हनीफभाई रत्नागिरीकडचे. अकरा वर्षं आमच्याकडे ट्रेलर चालवत होते. गावाहून सुट्टी संपवून येऊन चारच दिवस झाले होते. त्या सकाळी ड्रायव्हर राहतात त्या लेबर कॅम्पच्या गेटवर पोलिसांचं चेकिंग होतं. असं अधूनमधून असतं. आयडी बघतात, कधी बॅग उघडायला लावतात, दहा मिनिटांत कंपनीची बस सोडतात. हनीफभाईंचं आयडी ठीक होतं. बॅगेत मात्र रबरबँड लावलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या निघाल्या, म्हणून त्यांना पोलीस ठाण्यात नेलं होतं.

“कसल्या गोळ्या?” मी विचारलं.

“लतीफच्या. माझ्या बहिणीचा नवरा, रुवैसला असतो. पाठीच्या दुखण्याच्या आहेत. आज कंटेनर घेऊन तिकडेच जाणार होतो ना, म्हणून बॅगेत टाकल्या.”

“मग तसं सांगा त्यांना.”

“सांगितलं, हिंदीत. साहेबांना थोडी येते. त्यांनी अरबीत लिहून घेतलं. माणूस चांगला आहे, चहा दिला. म्हणतात, वाचता येत नसेल तर थांब, दुभाषी येईल. काय करू?”

भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलेलं मला पक्कं आठवतं. रुवैसचा कंटेनर एक वाजता निघायचा होता आणि दुसरा ड्रायव्हर मोकळा नव्हता.

“कशाला वेळ घालवताय? सही करून टाका आणि या. पोलिसांना उगाच नाही कशाला म्हणायचं?”

“बरं मॅडम.”

फोन दीड मिनिट चालला असेल. रांगेतला दुसरा ड्रायव्हर पुढे आला.

एक वाजला, तीन वाजले. हनीफभाई आले नाहीत. संध्याकाळी कळलं की त्यांना ठेवून घेतलंय.

त्या गोळ्यांबद्दल थोडं सांगायला हवं. आपल्याकडे डॉक्टरांनी लिहून दिल्या की केमिस्टकडे सहज मिळतात. इथे त्या नशेच्या औषधांच्या यादीत येतात. आणायच्याच असतील तर आधी परवानगी घ्यावी लागते आणि चिठ्ठी जवळ ठेवावी लागते. पण गावाहून येणाऱ्या माणसाच्या बॅगेत दहा घरांचं सामान असतं. कुणाचा मसाला, कुणाचे पापड, कुणाची औषधं. वजन बसावं म्हणून बायका औषधांची खोकी फेकून देतात आणि नुसत्या पट्ट्या बांधतात. चिठ्ठी खोक्यात असली तर तीही जाते. हनीफभाईंच्या बहिणीने तेच केलं होतं. गैर काही करतोय हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

मी मॅनेजरकडे गेले. ते लॅपटॉपवरून नजर न हलवता म्हणाले, “पुलिस मॅटर है. वी डोन्ट गेट इन्व्हॉल्व्ड. रुवैसवाले कंटेनर का क्या हुआ?”

बरीच विनवणी केल्यावर त्यांनी वकिलाची परवानगी दिली. वकील इजिप्तचे, वयस्कर, सावकाश बोलणारे. तिसऱ्या दिवशी त्यांनी जबाबाची प्रत मिळवली आणि इंग्रजीत मला वाचून दाखवली. गोळ्या माझ्या आहेत, मी त्या भारतातून माझ्यासाठी आणल्या. लतीफचं नाव कुठेच नव्हतं. साहेबांना हिंदी जेवढी कळली तेवढं त्यांनी लिहिलं होतं. खाली एक ओळ होती, दुभाष्याची गरज नाही. त्याखाली हनीफभाईंची मोठ्या अक्षरांतली मराठी सही.

“भाषा येत नसेल तर दुभाषी मिळणं हा त्याचा हक्क आहे,” वकील म्हणाले. “तो आल्याशिवाय सही करायची गरज नव्हती. पोलिसांनी स्वतःहून विचारलं होतं. हा नको का म्हणाला?”

“मी सांगितलं म्हणून,” मी म्हणाले. “हे मी कोर्टात सांगते.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “सांगा. पण सही त्याची आहे, मॅडम.”

लतीफ रुवैसहून आला. कंबरेला पट्टा, हातात रत्नागिरीच्या डॉक्टरांकडून नव्याने मागवलेलं पत्र. मलाही अटक करा पण त्याला सोडा, असं तो वकिलांच्या पाया पडून सांगत होता. ते पत्र फाईलला लागलं, माझं म्हणणंही लागलं. दोन्ही जबाबानंतरचे कागद. जबाबापुढे त्यांचं काही चाललं नाही.

हनीफभाईंच्या बायकोचा रोज फोन यायचा. रोज शेवटी ती म्हणायची, “तुम्ही आहात मॅडम, म्हणून धीर आहे.” मी हो म्हणायचे. एकदाही तिला खरं सांगितलं नाही, आजतागायत नाही. अल मनखूलच्या आमच्या घरी असाच एक फोन ठेवला, तेव्हा अभ्यास करत बसलेली मुलगी म्हणाली, “बट आई, यू टोल्ड हिम टू साइन.” मी तिला ओरडले आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

निकाल लागला. काही महिन्यांची कैद, आणि ती संपली की डिपोर्टेशन, म्हणजे देशाबाहेर रवानगी. परत यायचं नाही.

शेवटची भेट मीच मागितली, कारण व्हिसा कॅन्सलेशनच्या फॉर्मवर त्यांची सही लागत होती. काचेच्या पलीकडे हनीफभाई वाळून गेले होते. दाढी पांढरी झाली होती. शिपायाने फॉर्म आत दिला. मी ठरवून गेले होते की एकेक ओळ मराठीत सांगायची, समजलं का विचारायचं आणि मगच सही घ्यायची. रिसीव्हर कानाला लावून मी पहिली ओळ सांगितली, दुसरी सांगितली. भेट दहा मिनिटांचीच होती.

“राहू द्या मॅडम,” ते म्हणाले. “तुम्ही वाचलंय ना? कुठे करू सांगा.”

मी काचेवर बोट ठेवून जागा दाखवली. त्यांनी सही केली. मग मला म्हणाले, “तुमचा काही दोष नाही.” त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी अजून त्याच खुर्चीत आहे. आता प्रत्येक कागद हिंदीत समजावून सांगते. रांग लांबते, ड्रायव्हर वैतागतात. परवाच एक जण म्हणाला, “मॅडम, यल्ला, जल्दी करो, बस छूट जाएगी.” मी त्याला बसवून ठेवलं आणि पूर्ण पान सांगितलं. त्याने किती ऐकलं देव जाणे. धडा म्हणाल तर एवढाच, की समजत नसेल तर सही करू नका, आणि माझ्यासारखीने घाई केली तर तिचंही ऐकू नका.

त्या दिवशीचा रुवैसचा कंटेनर शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. उशीर का झाला, असं क्लायंटने विचारलंसुद्धा नाही.