हळदीच्या दिवशी चोराच्या खुणा

चोर ओळखायच्या पाच खुणा हवालदारांनी आमच्या सोसायटीला शिकवल्या, तेव्हा त्यांतल्या चार माझ्यात निघाल्या. नजर खाली. चाल घाईची. अंग काटकुळं. मागून हाक मारली की दचकतो. पाचवी खूण कानातली बाळी. तीही माझ्या कानांत होती, पण हवालदारांच्या हिशेबात ती पुरुषाच्या कानात असली तरच धरायची.

सभा गच्चीवर होती. दर खुणेला आई माझ्या मांडीला चिमटा काढत होती आणि मी तोंडात ओढणी कोंबून हसू दाबत होते. हसू दाबताना माणूस खाली बघतो, म्हणजे मी आणखीनच चोर दिसत असणार.

नेरुळला आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. ऐंशीच्या दशकात तिथे सगळंच नुकतं होतं. इमारती एका साच्यातल्या: तोच पिवळा रंग, तोच जिना, दारांना तोच हिरवा ऑइलपेंट. बाहेर नंबर घालायचे राहिलेले. त्यामुळे चुकीच्या इमारतीत शिरणं हा रोजचा कार्यक्रम होता. बाबांनी तर कमालच केली होती. एकदा ऑफिसातून येऊन त्यांनी आपल्या किल्लीने दार उघडलं, बूट काढले, खुर्चीत बसून "पाणी!" असा आवाज दिला, आणि एक अनोळखी बाई खरोखर पाणी घेऊन आल्या. त्यांना वाटलं, नवऱ्याच्या ऑफिसातलं कोणी आलंय. बाबा पाणी पिऊन, आभार मानून उठले आणि समोरच्या इमारतीत, म्हणजे आमच्या घरी आले. आम्ही हसून लोळत होतो तेव्हा त्यांनी आम्हाला शपथ घातली, "बाहेर एक अक्षर बोलायचं नाही. सेक्रेटरीला कळलं की माझ्यावर मीटिंग घेईल."

सेक्रेटरी काका आमच्याच जिन्यात, पहिल्या मजल्यावर राहायचे. ते दर गोष्टीवर मीटिंग घेत. आताची मीटिंग त्यांच्या मिक्सरवर होती. दादरहून टेम्पोतून ते नवा मिक्सर आणि चार खुर्च्या घेऊन आले. खोकं घरात दाराशी ठेवलं, दार ओढून घेतलं, खाली जाऊन खुर्च्या आणल्या, तोवर खोकं गायब! काकू माहेरी. कडी-कोयंडा शाबूत. दोन खेपांच्या मधल्या वेळात चोर आला आणि गेला.

"सराईत आहे," हवालदार म्हणाले. "पण माझ्या नजरेतून सुटायचा नाही. माणूस गेटातून आत आला की मला कळतं."

मी तेव्हा वाशीच्या कॉलेजात सायकॉलॉजी शिकत होते. आमच्या बाई सांगायच्या, पूर्वी मोठमोठ्या विद्वानांनी तुरुंगातल्या कैद्यांची डोकी मोजून गुन्हेगाराची ठेवण ठरवली होती. मग कोणीतरी तुरुंगाबाहेरच्या साध्या माणसांची डोकी मोजली, तर तीही तशीच निघाली. हे गच्चीवर उठून सांगावं असं मला फार वाटलं. इंग्रजीत वाक्य तयारही झालं. मराठीत होईपर्यंत चहा आला.

पुढच्याच रविवारी सकाळी मी पाव घेऊन येत होते, तर आमच्या जिन्याखाली गर्दी. मधे एक काटकुळा माणूस, कानात बाळी, नजर खाली. समोर सेक्रेटरी काका आणि हवालदार.

"प्रत्येक दारासमोर थांबत होता," काका म्हणाले. "मी स्वतः पाहिलं. कोण पाहिजे रे तुला?"

"सगळीच पायजेत," तो म्हणाला.

"सगळी म्हणजे?"

"सांजच्याला पोरीची हळद हाय. समद्यांना बोलवाचं हाय."

"एकाचं तरी नाव सांग."

नाव त्याला एकाचंही माहीत नव्हतं. शेजारच्या सारसोळे गावच्या ज्या मावशी आम्हाला मासे द्यायच्या, त्यांचा तो नवरा. नावं मावशींनाही माहीत नव्हती. त्या घरं ओळखायच्या ती माशांवरून. तेवढंच त्याला सांगून त्यांनी पाठवलं होतं.

"वरती पापलेटवाले," त्याने बोटाने दाखवलं. "समोर बोंबीलवाले. आन् त्यांच्या खाली ते, लपूनशी कोलंबी घेतान ते."

सगळी गर्दी हळूच सेक्रेटरी काकांच्या दाराकडे वळली. गच्चीवरच्या गणेशोत्सवात जानवं घालून पूजा सांगणारे काका लालबुंद झाले. "घेऊन जा याला!" ते ओरडले, आणि हवालदारांनी त्याचा दंड धरला. माझ्या बाजूने जाताना तो माणूस म्हणाला, "सांजच्याला सोडशाल ना साहेब? पयली हळद बापानं लावाची असते." हवालदार म्हणाले, "मिक्सर कुठेय सांग, आत्ता सोडतो."

दुपार उलटल्यावर मावशी आल्या. हिरवा चुडा, नवं लुगडं, आणि आवाज गेटापासून गच्चीपर्यंत.

"माजा मानूस चोर हाय? ह्या बिल्डिंगी उभ्या हायेत ना, तिते आमचा भात व्हायचा! आमच्याच शेतान आमी चोर?" मग माझ्याकडे वळून एकदम हळू म्हणाल्या, "बाय, तू शिकलेली हायेस. तू सांग ना त्यांना. सांजला तो नसला तं पोर पाटावर बसाची नाय."

मी मान डोलावली. मला तेवढंच जमायचं. धावत वर गेले आणि दारात किल्ली फिरवताना माझा हात तसाच थांबला.

"बाबा," मी म्हटलं, "त्या बाईंचं दार तुम्ही आपल्याच किल्लीने उघडलंत?"

बाबांनी आधी खिडकी लावली. "हळू बोल."

"आपली किल्ली त्यांना लागली?"

"लागली म्हणजे... थोडी अडकली. जराशी वर उचलावी लागते."

मी बाबांकडे बघत राहिले, आणि पोटातून हसू यायला लागलं. कुलपं सगळी एकाच कंत्राटदाराने बसवलेली. खोकं घेऊन घाईत आलेले सेक्रेटरी काका. आणि समोरच्या इमारतीत, काकांच्याच मजल्यावर, काकांच्याच बाजूला, एक फ्लॅट, ज्याचे मालक अजून राहायला आलेच नव्हते.

मी किल्ली घेऊन समोर गेले. दुसऱ्याच्या दारात किल्ली घालताना छाती इतकी धडधडत होती की खऱ्या चोरांबद्दल मला आदरच वाटला. किल्ली अडकली. जराशी वर उचलली. दार उघडलं. रिकाम्या खोलीत, दाराशीच, मिक्सरचं खोकं. वर काकांची छत्री.

खोकं छातीशी धरून मी भराभर जिना उतरले. नजर खाली, कारण पायऱ्या दिसत नव्हत्या. तशीच बाहेर पडले.

"ए! कोण आहे?" मागून आवाज आला.

मी अशी दचकले की छत्री पडली. मागे हवालदार उभे. ते काकांचा जबाब घ्यायला आले होते. मी चोरीच्या मालासकट, दुसऱ्याच्या इमारतीतून, पाचही खुणा घेऊन त्यांच्यासमोर उभी होते. मला वाटलं, आता गेले कामातून.

"अरे, ताई तुम्ही!" हवालदार म्हणाले. "एवढं जड कशाला उचलता? आणा इकडे." आणि खोकं त्यांनी स्वतः उचललं. "कुठे ठेवायचं?"

"सेक्रेटरी काकांकडे," मी म्हटलं. हवालदार चोरीचा मिक्सर पोटाशी धरून पुढे, मी छत्री घेऊन मागे. काकांनी दार उघडलं आणि खोकं बघून त्यांच्या तोंडून फक्त "छत्री..." एवढंच निघालं.

चौकीत आम्ही गेलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. मावशी, बाबा, काका आणि मी. मावशींचा नवरा बाकावर बसला होता. सकाळपासून त्याला पाणीसुद्धा कोणी विचारलं नव्हतं. त्याच्या दहाही बोटांना काळी शाई.

"जा आता," हवालदार त्याला म्हणाले. "गैरसमज झाला."

तो उठला नाही. टेबलावरच्या कागदाकडे बघत म्हणाला, "माजे ठसे?"

"ते राहू देत. पुढे कधी चोरी झाली तर लगेच ताडून बघता येतील."

"पन मी चोरी केली नाय ना."

"म्हणून काय झालं? चेहरा तर बघ तुझा."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तेच मला लागलं. मी टेबलापाशी गेले आणि दोन्ही हात पुढे केले.

"मग माझेही घ्या," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "खोकं माझ्या हातात होतं. दार मी उघडलं. खाली बघत घाईत चालत होते, आणि तुम्ही हाक मारल्यावर दचकलेही. बाळ्यासुद्धा आहेत."

"अहो ताई, भलतंच काय! तुमच्यासारख्या घरातली मुलगी..."

"लग्नाची आहे ती!" काका घाबरून म्हणाले.

"त्यांचीही मुलगी लग्नाचीच आहे," बाबा म्हणाले आणि माझ्या शेजारी येऊन त्यांनीही हात पुढे केले. "मीसुद्धा दुसऱ्याच्या घरात शिरून पाणी प्यायलोय. लिहून घ्या."

हवालदारांनी आम्हा दोघांच्या वीस बोटांकडे पाहिलं. मग तो कागद उचलला, शाई नीट उमटली नाही असं काहीसं पुटपुटत फाडला आणि टोपलीत टाकला. मावशींनी टोपलीतून तुकडे वेचून कनवटीला लावले. "शाई चांगली हाय," त्या म्हणाल्या. "चुलीत घालते."

रिक्षात आम्ही पाचजण एकमेकांच्या मांडीवर बसून सारसोळ्याला निघालो. काकांना मावशींनी हाताला धरून आत ओढलं होतं. "तुमाला आमंतरन हाय. दारावर येऊन दिलं होतं."

मांडवात मुलगी पाटावर बसायला तयार नव्हती. बाप दिसला तशी बसली. शाई निघण्याइतका वेळच नव्हता. त्याने तशीच हळद घेतली आणि तिच्या गालाला लावली, आणि पिवळ्या गालावर बापाची काळी बोटं उठली. कोणी पुसायला गेलं तर तिने हात झटकला. "ऱ्हाऊ दे. माज्या बापाची हायेत."

मग बेंजो सुरू झाला. काकांनी पंगतीत सगळ्यांसमोर दोनदा कोळंबी मागून घेतली. मला बायकांनी ओढून मधे नेलं आणि मी खाली बघत का होईना, नाचले. मावशींचा नवरा माझ्या बाजूलाच नाचत होता, तेवढ्यात मागून हाक आली, "ओ!"

आम्ही दोघं एकदम दचकलो. मांडवाच्या तोंडाशी हवालदार उभे होते, साध्या कपड्यांत, हातात नारळ. त्यांना आत यावं की नाही कळत नव्हतं. मी हसायला लागले. तो हसला नाही. नाचता नाचता तो थांबला. मग त्याने हळदीचं ताट उचललं, त्यांच्यापाशी गेला, आणि आपली दहाही बोटं त्यांच्या दोन्ही गालांवर नीट, एकेक करून, उमटवली.