कान नसलेलं ‘हव’

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मैत्रिणींना नाही, बाबांना नाही, आणि आईला तर... तिला कसं सांगणार? तुम्हाला सांगते.

मला एक व्यसन आहे. घाबरू नका, तंबाखूचा खर्रा नाही, दातांना घासायचा गुडाखू नाही. मी मोबाइलवर रेल्वेगाड्या बघते! नकाशावर गाडीचा एक ठिपका असतो आणि तो सरकत जातो. बस, एवढंच. जिच्यात मी कधी बसणार नाही, जिच्यातून ओळखीचं कुणी उतरणार नाही, अशी एखादी गाडी डोंगरगडहून सुटली की मी हातातलं काम सोडते. उशिरा धावणाऱ्या गाडीनं राजनांदगावपर्यंत वेळ भरून काढला तर मी एकटीच हसते. आम्ही छत्तीसगडातल्या चरोद्याच्या रेल्वे क्वार्टरमधली माणसं. बाबा यार्डात डबे जोडतात. पण त्यांचं ते काम आहे. माझं काय आहे?

आई काही बोलली की ठिपक्यावरची नजर न काढता मी म्हणते, ‘‘हव.’’ आमच्या भंडाऱ्याकडच्या बोलीत ‘हो’ला ‘हव’ म्हणतात. आई वैतागून म्हणायची, ‘‘या पोरीच्या हवले कानच नाही व!’’ घरात तो विनोदच झाला होता.

मग कॉलेजात — आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच — तत्त्वज्ञानाच्या सरांनी विचारलं, ‘‘जिस लत से किसी का नुकसान नहीं, उससे दिक्कत क्या है?’’ आणि माझा हात वर! वर्गात कधी तोंड न उघडणारी मी उभी राहिले, ठिपक्याचं सगळं सांगून टाकलं. मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘बैठ जा, स्टेशन मास्टर!’’ सगळे हसले, मीसुद्धा. पण थांबले नाही. ना पैसा जातो, ना तब्येत, ना कुणाचं मन दुखतं. मग प्रश्न उरतोच कुठे? टाळ्या! सर म्हणाले, हेच वार्षिक कार्यक्रमात स्टेजवरून बोल, आईवडिलांनाही घेऊन ये. त्या दिवशी मी घरी चालत नाही, उडत आले.

कार्यक्रमाच्या दिवशी बाबांची ड्यूटी होती, म्हणजे आई एकटीच येणार. तिनं इस्त्री केलेली साडी खाटेवर काढून ठेवली होती. मी शेजारीच मोबाइल घेऊन बसले होते. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती म्हणाली, ‘‘अव बाई, मी नाही आली तं चालते नं? मले तुमच्यासारखं बोलता येत नाही. तुयावर हासतीन पोरी.’’

‘‘हव,’’ मी म्हणाले.

साडी पेटीत गेली.

सरांना मी सांगितलं, मम्मी को बुखार है. आणि बोलले — काय बोलले मी! ‘ना कुणाचं मन दुखतं’ या वाक्याला सगळ्यात मोठ्या टाळ्या पडल्या. मला अजून ऐकू येतात त्या.

संध्याकाळी आईनं ताट वाढलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘सकाळी तुयं ध्यानच नसन व. गाडीतच असन.’’

हे तिनं सांगितलं की विचारलं?

‘‘हव,’’ मी म्हणाले.

तिचा चेहरा असा उजळला! ‘‘तरीच म्हणते मी! कान नाही तुया हवले,’’ म्हणत तिनं माझ्या भातावर आणखी वरण घातलं. सगळं त्या बिचाऱ्या ठिपक्यावर टाकून आम्ही दोघी पोटभर जेवलो.

पण सकाळी मी बघत होते ती गाडी दुर्गच्या अलीकडे सिग्नलसाठी उभी होती. किती तरी वेळ. ठिपका हलत नव्हता. बघण्यासारखं काहीच नव्हतं.

मी आईचा शब्दन् शब्द ऐकला होता.